दारातल्या वडाबद्दल थोडं काळजीचं

सेक्टर १५, चंदिगड
२८ मे १९९८

तीर्थरूप हरिभाऊमामांच्या चरणी कृष्णकांतचा साष्टांग नमस्कार (चरणांपासून दोन हात अंतर राखून).

अंतर राखायचं कारण, घरात कांजिण्या आल्या आहेत. तुम्ही आणि मामींनी घाबरू नये. मी घाबरलो आहे आणि तेवढं दोन्ही घरांना पुरेल. वल्लरी आणि शिशिर यांचं एरवी कशावरही एकमत होत नाही, पण एका वाढदिवसाच्या पार्टीतून दोघांनी मिळून या घरी आणल्या. ताप केव्हाच उतरला, खपल्याही बऱ्याचशा पडल्या. आता संसर्गाची भीती नाही असं माझ्या खात्यातले डॉक्टर म्हणतात, पण म्हणायला त्यांचं काय जातं? शेवटची खपली पडेपर्यंत मी घराचं दार उघडणार नाही. हे पत्रसुद्धा लिहून झालं की त्याच्यावरून इस्त्री फिरवणार आहे, म्हणजे जंतू तिकडे पोचायचे नाहीत. तेव्हा कोपऱ्यात तपकिरी डाग दिसला तर तो चहाचा समजून मामींनी मला नावं ठेवू नयेत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं रक्तदाबाचं औषध चालू आहे ना? बार्शीचं ऊन काय म्हणतंय? आणि मामा, तुमचे डोळे कसे आहेत? आधीचे प्रश्न रीतीप्रमाणे विचारले. हा शेवटचा हेतू धरून विचारला आहे, तो पुढे कळेलच. फोनवर बोलता आलं असतं, पण फोन पोरांच्या खोलीत आहे आणि वल्लरीला आता दहावं वर्ष लागल्यापासून सगळं ऐकू येतं.

सुजाताला लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या (हे तुमच्या बहिणीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लग्न ठरवताना सांगायला हवं होतं, पण असो). मोठेपणी आल्या तर जड जातात, म्हणून मी हट्टाने तिला युनिव्हर्सिटीत राहणाऱ्या नलिनीताई देवांकडे पाठवलं आणि रजा टाकून पोरांजवळ बसलो. नलिनीताई म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा. त्या पुढे पुन्हा येणार आहेत. सुजाता सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन येते, फाटकाच्या खांबावर ठेवते आणि मागे सरून रस्त्याकडेच्या त्या झाडाखाली उभी राहते. कोणतं झाड ते तुम्हाला सांगायला नको. तिथून ती पोरांशी मराठीत ओरडून बोलते, पोरं खिडकीतून हिंदीत ओरडून उत्तरं देतात, आणि मधे व्हरांड्यात उभा राहून मी आमटीत मीठ कमी होतं हे खुणेने सांगतो. समोरच्या घरातल्या लोकांची समजूत झाली आहे की तिने मला सोडलंय, पण स्वभावाने चांगली असल्यामुळे अजून जेवू घालते.

आता मूळ दुखणं. हल्ली केबलवर दिवसभर जनावरांचे कार्यक्रम असतात. आफ्रिकेतला सिंह म्हशीला नेमका कुठे धरतो हे आमच्या पोरांना तोंडपाठ आहे, पण अंगणात उतरलेल्या कुठल्याही पाखराला ती 'बर्ड' म्हणतात आणि पुढे सरकतात. शाळेतल्या बाईंना हे खटकलं असावं, कारण सुट्टीचा अभ्यास म्हणून त्यांनी वल्लरीच्या वर्गाला एक भला मोठा तक्ता करायला सांगितला: घरातून दिसणारे प्राणी, पक्षी आणि झाडं. पुस्तकातून उतरवून काढायचं नाही, आपल्या डोळ्यांनी बघायचं, पान किंवा पीस मिळालं तर चिकटवायचं, आणि पालकांनी मदत करायची. पालक म्हणजे मी. मामा, मी पॅथॉलॉजिस्ट. सजीवांचे मी आजवर फक्त तुकडे पाहिले, तेही काचेवर, रंग दिलेले. अख्खा प्राणी हलताना दिसला की मला काही सुचत नाही.

याचा प्रत्यय लगेच आला. कूलरमध्ये पाणी घालायला मागच्या अंगणात गेलो तर कूलरच्या खालून हातभर लांब, खवल्याखवल्यांचं, जीभ आतबाहेर करणारं काहीतरी निघालं. मी बादलीसकट खाटेवर चढलो आणि पोरांना ओरडून सांगितलं की खिडक्या लावा, सुखना तलावातून मगर आली आहे. शिशिरने (वय सहा, अंगभर गुलाबी औषध फासलेलं) खिडकीतून वाकून पाहिलं आणि 'मॉनिटर लिझर्ड है बाबा, कुछ नहीं करती,' असं म्हणून मलाच धीर दिला. म्हणजे आपली घोरपड. ती आपल्या वाटेने निघून गेली, पण मी खाली उतरेपर्यंत वल्लरीचं चित्र काढून झालं होतं. त्या चित्रात खाट आहे, बादली आहे आणि मीही आहे.

मग एकदा झाडावर राखाडी रंगाचा, घारीएवढा एक पक्षी येऊन बसला. आमचे घरमालक कर्नल भुल्लर वरच्या मजल्यावर राहतात, त्यांची दुर्बीण आणून पाहिलं तर त्याच्या चोचीवर गाठ! चांगली मोठी, टणक, पुढे आलेली. मी असल्या गोष्टी रोज बघतो. पोरांना जवळ घेऊन मी सौम्य शब्दांत सांगितलं की हा बिचारा आता फार दिवसांचा नाही. शिशिर रडला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या झाडावर तसाच आणखी एक दिसला, त्यालाही गाठ, तेव्हा माझी खात्रीच झाली की साथ पसरली आहे. शेवटी वल्लरीने शाळेतून आणलेलं पक्ष्यांचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. त्या पक्ष्याला धनेश म्हणतात आणि ती गाठ त्याला देवानेच दिलेली आहे. पुस्तकात पुढे असंही होतं, की पिल्लांच्या दिवसांत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचं तोंड आतून लिंपून टाकते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर बाहेरून फळं आणून तिला त्या फटीतून भरवतो. आम्ही दुर्बीण लावून शोधलं तर खरोखरच आमच्या झाडाच्या जाड फांदीला ढोली आहे, आणि आतून एक चोच बाहेर येते! तेव्हापासून पोरं खाज विसरून खिडकीला चिकटलेली असतात आणि (हे खात्यात कळू देऊ नका) मीही. वल्लरीने तक्त्यावर ढोलीचं चित्र काढलं आणि शेजारी आमचं घर काढलं, आत कोंडलेला मी आणि बाहेरून डबा आणणारी सुजाता. खाली लिहिलं, 'हमारे घर में उल्टा है.' ते बाईंना दाखवावं की नाही, ही एक काळजी आहेच.

पण ती किरकोळ. मोठी काळजी तुमच्या पानाने आणली. झाडांच्या रकान्यात पहिलं नाव अर्थातच दारातल्या वडाचं. वल्लरीने त्याचं पान चिकटवलं, आणि त्याच्याशेजारी महाराष्ट्रातल्या वडाचं पान हवं म्हणून तुम्हाला पत्र टाकलं (तेही इस्त्री करून). तुम्ही दरवर्षी वटपौर्णिमेचं सूत आणि हळदकुंकू पाठवता, त्याच पुडीत पान घातलंत. परवा ते आलं. तुमचं पान तळहाताएवढं रुंद, जाड, टोकाला गोल. आमचं पान लांबट, पातळ, टोकाला निमुळतं. वल्लरीने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, 'बाबा, ये तो वड है ही नहीं.' मी म्हणालो हवापाण्याचा फरक असेल. तर म्हणाली, मग पारंब्यांनाही हवापाणी मानवलं नाही का?

मामा, तुम्हाला आठवत असेलच. एक्क्याण्णव साली आम्ही इथे नवे होतो. पंजाबातल्या अतिरेक्यांमुळे तेव्हाचे दिवस वाईट. अंधार पडायच्या आत रस्ते ओस पडत, जागोजागी पोलीस अडवून विचारपूस करत. तुम्ही शाळेच्या सुट्टीत आमच्याकडे आला होतात. वटपौर्णिमा तोंडावर आली आणि सुजाता म्हणाली, इथे वड कुठे मिळणार? तुम्ही सकाळी छत्री घेऊन बाहेर पडलात, दुपारी घामाघूम होऊन परतलात आणि फाटकासमोरच्याच झाडावर छत्री आपटून जाहीर केलंत, हा घ्या तुमचा वड, दारात आहे आणि मी गावभर हिंडतोय! पारंब्या दिसत नाहीत, असं मी म्हणालो होतो (मला तेव्हाही शंका येत असत). त्यावर तुम्ही म्हणालात की हे आखून बांधलेलं शहर आहे, इथली म्युनिसिपालिटी पारंब्या लोंबू देत नाही, दरवर्षी छाटते. मी गिरगावात वाढलो, आमच्याकडे वड म्हणजे बाजारातून आणलेली फांदी. त्यात सांगणारा उभी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस. मी मान डोलावली. सुजाताला तर तिच्या वडिलांच्या मागे तुम्हीच वाढवलंत, तिच्यासाठी तुमचा शब्द म्हणजे शेवटचा.

तेव्हापासून दरवर्षी ती त्या झाडाला सूत गुंडाळते. पुढे नलिनीताई यायला लागल्या, मग पंचकुल्याच्या दोघीजणी, मग मंडळातल्या सगळ्याच. मंडळाच्या अंकात 'चंदिगडचा वड' म्हणून त्याच्यावर लेख आला. भुल्लर आंटीसुद्धा डोक्यावर ओढणी घेऊन फेरे घालतात आणि कर्नलसाहेब गच्चीवरून सॅल्यूट ठोकतात. यंदा नलिनीताईंनी एका इंग्रजी दैनिकाचा फोटोग्राफर बोलावला आहे. म्हणजे फोटो छापून येणार, आणि साऱ्या शहराला कळणार की मराठी बायका कोणत्या झाडाला वड समजतात! तरी म्हटलं, खात्री करून घ्यावी. आंटी (त्यांना कांजिण्या होऊन गेल्या आहेत) पोरांसाठी खीर घेऊन आल्या तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं. 'पिलखन है जी, होर की?' त्या म्हणाल्या. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणे, 'मैं सोच्या, तुहाडे महाराष्ट्र विच पिलखन ही पूजदे ने.' त्यांना वाटलं, आपल्याकडे पिलखनच पुजतात. वल्लरीने लगेच शोधून काढलं, पिलखन म्हणजे संस्कृतातला प्लक्ष. वडाचा चुलतभाऊ.

मामा, मी शास्त्राचा माणूस आहे. झाडाला सूत गुंडाळल्याने नवऱ्याच्या रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात असं मी मानत नाही. पण फेब्रुवारीत माझ्या छातीत कळ आली होती, तपासणीत धड चांगलं नाही धड वाईट नाही असं काहीतरी निघालं, आणि जूनच्या शेवटी पुन्हा तपासायचं ठरलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या वेळी सुजाता म्हणाली होती, 'काही होत नाही तुम्हाला. मी उगीच का इतके फेरे घातलेत?' तेव्हा मी हसलो होतो. आता दुपारी पडल्या पडल्या मनात येतं, की ते सगळे फेरे गेले कुठे? चुलतभावाकडे गेलेली वस्तू परत आल्याचं आमच्या घराण्यात तरी एकही उदाहरण नाही. बरं, माझं एक वेळ जाऊ द्या (जाऊ देऊ नका, पण समजा). सुजाताला कळलं तर तिला काय वाटेल? या परक्या गावात तिला माहेरचं असं एवढं एकच झाड मिळालं होतं, आणि त्याच्याभोवती तिची सगळी माणसं जमली. तिचा उतरलेला चेहरा मला बघवणार नाही. खरं सांगायचं तर तपासणीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

म्हणून काल मी गुपचूप खरा वड शोधायला निघालो. आंटींना पोरांपाशी बसवलं, तुमचं पान खिशात घातलं आणि स्कूटर काढली. या शहरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेका जातीची झाडं ओळीने लावलेली, इथे बहावा, तिथे सिल्व्हर ओक, सगळी कवायतीला उभी. त्यात चुकार वड कुठे सापडणार? शेवटी इंडस्ट्रियल एरियात नटबोल्टच्या एका कारखान्याच्या आवारात दिसला, पारंब्यांसकट, अस्सल. मी आत शिरून पान ताडून बघत होतो तेवढ्यात रखवालदार आला. आता तुम्हीच विचार करा, दाढी वाढलेला एक माणूस खिशातून वाळकं पान काढतो, झाडाच्या पानाला लावून बघतो आणि विचारतो की पौर्णिमेला इथे पंधरा-वीस बायका दोरा घेऊन आल्या तर चालेल का. त्याने मालकाला बोलावलं. मालक सभ्य होता. युनियनचं काही नाही ना, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. तिथून निसटून एका नर्सरीत गेलो. तिथे बशीसारख्या कुंडीत वडाचं बोन्साय होतं, वीतभर उंच, पण पारंब्या सगळ्या जागच्या जागी. घेणारच होतो. मग मनात आलं, याला फेरे घालून जे आयुष्य मिळेल तेही याच मापाचं असेल, आणि तसाच घरी आलो.

तेव्हा माझी विनंती अशी, की तुम्ही पौर्णिमेच्या आत सुजाताला आपल्या अक्षरात पत्र लिहावं. उत्तरेत वडाच्या जागी प्लक्ष चालतो, पूर्वीपासून चालत आला आहे, आणि एक्क्याण्णव साली तुम्ही हे सांगणारच होतात पण म्युनिसिपालिटीच्या विषयात राहून गेलं, अशा अर्थाचं काहीतरी लिहा. तुमच्या चुकीबद्दल मी मनात काही धरलेलं नाही. ऊन होतं, चष्म्याचा नंबर बदलला असेल, माणसाच्या हातून व्हायचंच. वल्लरीचा तक्ता मी तूर्त कपाटावर टाकला आहे, तिथे तिचा हात पोचत नाही.

मामींना नमस्कार. तिकडच्या थोरांना वाकून आणि लहानांना लांबून.

तुमचा (निदान जूनअखेरपर्यंत तरी)
कृष्णकांत

ता. क. इस्त्री तापत ठेवली होती तेवढ्यात सुजाता संध्याकाळचा डबा घेऊन आली, आणि घात झाला. वल्लरीच्या खांद्यावर चढून शिशिरने तक्ता खाली काढला होता. दोघांनी तो खिडकीत धरला आणि वल्लरीने अख्ख्या सेक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात आईला सगळं सांगून टाकलं. सुजाता त्याच झाडाखाली उभी होती. मी व्हरांड्यातल्या खुर्चीचा हात धरला. ती म्हणाली, 'पिलखन आहे, माहीत आहे मला. मी बार्शीची. मला वड कळत नाही का?' आणि पुढे म्हणाली, 'मामांना तरी कळत नाही का?'

मग कुंपणापलीकडून तिने मला जे सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे, मलाच आज कळलं. त्या उन्हाळ्यात ती रोज मी कामावर गेल्यावर स्वयंपाकघरात रडत असे, इथे वडसुद्धा नाही, मला परत न्या, म्हणून. तुम्ही त्या उन्हात सेक्टरामागून सेक्टर पालथे घातलेत, पोलिसांनी दोनदा छत्री उघडून बघितली, एवढं करून वड मिळाला नाही, आणि तिला तसं सांगायचं तुमच्या जिवावर आलं. छत्री आपटताना तुमचा चेहरा तिने पाहिला होता. ती नुसती 'हो मामा' म्हणाली. भुल्लर आंटींनी त्याच आठवड्यात तिला पिलखन हे नाव सांगितलं होतं, तर हीच त्यांना म्हणाली की 'हमारे यहाँ यही चलता है.' नलिनीताईंनाही ठाऊक आहे (त्यांचे यजमान बॉटनी शिकवतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही). फोटोग्राफरलाही पिलखनच सांगायचं ठरलं आहे. म्हणजे मामा, या अख्ख्या चंदिगडात ते झाड वड आहे असं समजणारा मी एकटाच होतो. वर तुमच्या डोळ्यांविषयी आणि चष्म्याविषयी लिहिलेलं खोडणार होतो, पण शाई पसरते. वाचलं असेल तर विसरून जा. मला तुमची फार आठवण येते आहे. ते प्लक्षाचं पत्र आता नको. वल्लरीने तक्त्यावर 'पिलखन' लिहिलं, आणि कंसात 'हमारा वड'.

ता. क. दुसरा (हे सुजाताच्या कानावर जाऊ नये). मन हलकं झालं वगैरे सगळं खरं. तरी जूनची तपासणी आहेच. तुम्ही ज्याचं पान पाठवलंत तो बार्शीचा वड अस्सल आहे, याची मी स्वतः खात्री केली आहे. मामी पौर्णिमेला त्याच्याकडे जातील तेव्हा माझ्या नावाचा एक जादा फेरा घालता आला तर बघावं. त्यातून सात जन्मांचा भाग वगळावा, म्हणजे मामींनाही संकोच नको आणि तुम्हालाही. नुसतं या खेपेच्या आयुष्यापुरतं. माझा विश्वास नाही हे वर लिहिलंच आहे. सुजाता जाता जाता पत्र पेटीत टाकणार आहे. डिंक सापडत नाही, पाकीट नुसतं दुमडून देतो.

मामा, पाकीट उघडंच होतं, आणि अजून गरम होतं. मामीला काही सांगू नका, हसून हसून तिचा रक्तदाब वाढेल. सात फेरे झाले की मी दरवर्षी आणखी एक घालते. आजवर तो तुमच्या नावाचा होता. यंदा तेवढा ह्यांना देते, रागावू नका.
सुजाता